मुलांच्या श्वासातला धूर कुठे मोजणार?

संपादक महोदय,

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या यादीत छत्रपती संभाजीनगर, जालना व लातूर ही मराठवाड्यातील तीन शहरे आली. या कार्यक्रमात यश मोजले जाते ते प्रामुख्याने ‘पीएम १०’ या धूलिकणांवर. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात वारा सुटला की हा आकडा वर जातो आणि पाऊस पडला की उतरतो. त्यातून वाहनांच्या धुराचा वाटा वेगळा काढता येत नाही. धुराचा माग घ्यायचा तर नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळी मोजावी लागते, तीही मुले जिथे असतात तिथे.

मी लातुरात औसा रस्त्यालगतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर रिक्षा चालू इंजिनाने उभ्या असतात आणि पाचवीतल्या मुलाचे नाक साधारण टेम्पोच्या सायलेन्सरपासून हातभर अंतरावर येते. रस्त्याकडच्या वर्गातील खिडकीचे गज ओल्या फडक्याने पुसले की फडके काळे होते, मागच्या वर्गातले मातकट. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण एकाच इमारतीच्या दोन बाजूंची हवा सारखी नसावी, असा संशय घेण्यापुरता तो पुरतो. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० च्या अहवालात मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित मानला आहे. आपल्या किती शाळा या पट्ट्यात येतात, हे नकाशा समोर ठेवून एका दुपारीत सांगता येईल.

मात्र अंतर मोजले की काम झाले, असे नाही. बाहेरच्या अनेक अभ्यासांत मुलाच्या घराचा पत्ता धरून त्याच्या वाट्याला किती धूर येतो याचा अंदाज बांधतात. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात तो हमखास चुकेल, कारण पत्ता रेणापूर किंवा निलंग्याकडच्या खेड्याचा, मुक्काम वसतिगृहात आणि दिवस शाळा व शिकवणीच्या रस्त्यांवर. म्हणून मूल कुठे किती वेळ असते, याची तासवार नोंद हवी. समजा, रस्त्यावरच्या हवेत धूर इतर ठिकाणांच्या पाचपट आहे आणि मूल तेथे रोज ४० मिनिटे असते. ही वेळ दिवसाच्या तीन टक्क्यांहूनही कमी, पण धुराशी येणाऱ्या दिवसभराच्या संपर्काचा आठवा हिस्सा त्यातच पडतो. शिवाय मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा चोवीस तासांची सरासरी निघते. त्या सरासरीत ही ४० मिनिटे दिसणार कशी?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड शोषणाऱ्या छोट्या नळ्या विजेविना दोन आठवडे टांगून ठेवता येतात. शाळेचे फाटक, मागचे मैदान, शिकवणीचा चौक आणि रस्त्यापासून आत ५०, १०० व २०० मीटरवर त्या लावाव्यात, आणि येणाऱ्या आकड्यांची वाहनांची संख्या, अंतर व इमारतींची दाटी यांच्याशी सांगड घालून उरलेल्या शाळांचा अंदाज काढावा. पालकांच्या संमतीने काही मुलांच्या दप्तराला छोटे मापक लावले, तर हा अंदाज कितपत जुळतो तेही तपासता येईल. मोजणी एकाच ऋतूत उरकू नये. हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत साचते, नेमकी तेव्हाच मुले शाळेत निघतात आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टरही रस्त्यावर असतात.

महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाने येत्या डिसेंबरात दहा शाळांपासून सुरुवात करावी. नळ्यांच्या तपासणीची सोय त्यांनी करावी. वाहने मोजण्याचे काम आमच्या नववीच्या मुली आनंदाने करतील, अर्थात गच्चीवरून.

आपली,
एक शिक्षिका, लातूर