गिरणीतल्या माणसांचे फोटो वाचवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

सांगलीतून लिहितोय. आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबली, पाटण घ्या जावळी घ्या शिराळा घ्या, लालबाग-परळला गावकीची खोली ठरलेलीच, आणि इथं सांगलीतही गजानन मिल होती, माधवनगरची कॉटन मिल होती. या लोकांनी स्टुडिओत उभं राहून काढलेले फोटो गावी धाडले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, मग गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, फोटो तेवढे घरात राहिले आणि तेही आता चाललेत.

आमच्या आजोबांचा फोटो २०१९ च्या पुरात भिजला. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो आणि वाळताना काचेला चिकटतो, ओढला की चेहरा काचेवरच राहतो! म्हणून काचेसकट स्कॅन केला. पुढं दुरुस्तीला दिला तर दुकानदारानं एआयवर टाकून गुळगुळीत करून दिला, मागावरचा धोटा उडून भुवईवर झालेला व्रणच गायब. आत्या बघून म्हणाली, "हे आमचं तात्या न्हवंत."

साहेब, जुनी कागदपत्रं जपणारं पुराभिलेख संचालनालय तुमच्याच खात्यात आहे, त्यांचं कोल्हापूरला ऑफिसही आहे. त्यांच्याकडून सातारा-सांगलीत तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनिंग कॅम्प लावा, तेही गावच्या यात्रेच्या दिवसांत, कारण तेव्हा मुंबईकर गावी असतात. फोटो ठेवून घेऊ नका, लोक देणार नाहीत आणि देऊही नयेत, समोर स्कॅन करून हातात परत द्या. मागची बाजूसुद्धा स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का, तारीख तिथंच असते. दुरुस्तीची कॉपी वेगळी ठेवा, मूळ स्कॅनला हात लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावं लिहून घ्या. कोण, कुठल्या गिरणीतला, साचेखात्यात म्हणजे मागावर होता का जॉबर म्हणजे मुकादम होता. फोटो नंतरही दुरुस्त होईल पण नाव सांगणारं माणूस थांबत नाही, संपात पंचविशीत असलेले आता सत्तरीला टेकलेत.

चैत्रातल्या यात्रांआधी आदेश काढा. सांगलीतल्या कॅम्पला हॉल आणि हाताखाली पोरं आम्ही देतो.

आपला,
एका साचेवाल्याचा नातू, सांगली