बाबा, शिडी परत मागू नका

मिनिआपोलिस,
रविवार, 5 फेब्रुवारी 2023

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी एक खुलासा. आईला दम लागलेला नाही. परवा फोनवर मी "आईस डॅम" म्हणाले, म्हणजे छपराच्या कडेला साचणारा बर्फाचा बांध, बाबांनी "आईस दम" ऐकलं, आणि संध्याकाळी पुण्याहून ताईचा मला फोन, आईला कुठल्या दवाखान्यात नेलंय म्हणून. आई बिचारी तेव्हा मागीलदारी सुपाऱ्या सोलत बसली होती. म्हणून हे पत्र. बाबा, फोन घेताना कानाचं मशीन लावलंत तर ही वेळ येणार नाही, पण तो वाद मे महिन्यात घालू.

मे महिन्यात, कारण मार्चमध्ये मी येत नाहीये. तिकीट रद्द केलंय. फोनवर सांगायचं होतं, पण जीभ रेटेना.

रागावण्याआधी काय झालं ते वाचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे तीन दिवसांत पंधराएक इंच बर्फ पडला. पुढच्या आठवड्यात एका रात्री मला टप टप ऐकू आलं. अर्धवट झोपेत वाटलं, आषाढ लागला, आता आई टोप-पातेली मांडत येईल. उठून बघते तर तुमच्या खोलीत गळत होतं. हो, तुमच्याच, उत्तरेकडच्या. छताचा रंग पुरीसारखा फुगला होता. स्क्रूड्रायव्हरने टोचलं, तर भसकन पाणी आलं, चहासारखं तांबूस. आईची गोधडी अर्धी भिजली. वाळवलीय, डाग निघालाय, काळजी नको. (जवळजवळ निघालाय.)

बाबांचा प्रश्न बरोबर होता, बाहेर सगळं गोठलेलं असताना पाणी आलं कुठून? आमच्याच उबेतून. घरातली गरम हवा दिव्यांच्या भोकांतून, पाइपांच्या फटींतून माळ्यावर जाते, छप्पर आतून तापतं आणि वरच्या बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही, म्हणून तिथे ते परत गोठतं. असा थरावर थर चढून बांध होतो आणि त्याच्यामागे तळं साचतं. इथल्या डांबरी शिंगल्स आपल्या कौलांसारख्याच एकीवर एक चढवलेल्या. वरून आलेलं पाणी त्या खाली घालवतात, पण बांधामुळे उलटं, खालून वर सरकणारं पाणी त्यांना अडवता येत नाही. आपल्याकडे निदान काठीने आतून कौल जरा सरकवलं की गळती थांबते. तुम्ही अंधारात त्या एका उजेडाच्या ठिपक्यावर नेम धरायचात आणि मी खाली कंदील धरून "अजून डावीकडे" ओरडायचे, आठवतं? इथे काठी खुपसायची सोयच नाही.

आणि मी मूर्ख, दोन महिने वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांचे फोटो तुम्हाला पाठवत होते, गोठलेल्या पागोळ्या म्हणून. आई म्हणाली, किती छान. ती छान नव्हती गं, ती धोक्याची खूण होती.

बाबांचे दोन्ही उपाय विचारून झाले. गरम पाणी ओतलं तर तेच खाली पायऱ्यांवर गोठतं आणि मिठाने शिंगल्स, पन्हळ आणि खालची झाडं खराब होतात. मिठाच्या जागी कॅल्शियम क्लोराइड चालतं, ते जुन्या लांब पायमोज्यांत भरून बांधावर आडवं नाही, उभं ठेवायचं, म्हणजे पाण्याला वाट होते. माझे तीन पायमोजे आठवडाभर छपरावर पाय पसरून पडले होते. शेवटी वाफेवाले आले, ताशी चारशे डॉलर. कुऱ्हाड-हातोडा न लावता नुसत्या वाफेने बांध कापून काढला. आता बर्फ पडला की मी जमिनीवर उभी राहून लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीवरचा ओढून काढते. जमिनीवर उभी राहून, बाबा. सुरुवातीला हातोडा घेऊन शिडीवर गेले होते, तुमचीच मुलगी ना. तिसऱ्या पायरीवरून घसरले. काही नाही, डावा हात मुरगळला, लिहायचा शाबूत आहे.

पण खरं दुखणं माळ्यावर आहे. न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप बाहेर न काढता आधीच्या कुणी तो माळ्यातच सोडलाय, म्हणजे रोजच्या आंघोळीची वाफ थेट छपराला. तो बाहेर काढायचा, सगळ्या फटी बुजवायच्या, वर सोळा इंच कागदाचा भुगा भरायचा. जुन्या वर्तमानपत्रांचाच असतो तो, बाबांना आवडेल. विमा ओल्या भिंतीचं थोडंफार देईल, माळ्याचं काम पदरचं. तिकिटाचे पैसे त्यात गेले. कारागिरांनी मार्चचा दुसरा आठवडा दिलाय, तो सोडला तर पुढची तारीख उन्हाळ्यात, आणि तोवर इथे अजून बर्फ पडणार. मी खूप विचार केला. म्हणजे, दोन रात्री केला.

2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने पडवीची कौलं उडवली तेव्हाही मी इथेच होते. तेव्हा विमानं बंद होती. या वेळी ती चालू आहेत, हे मला कळतं.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची सोय झालीय. शिमगा झाला की ताई आठ दिवस रजा काढून येतेय, दापोलीहून गाडी ठरलीय, मागच्या सीटवर आईच्या गुडघ्यासाठी उशी ठेवायला सांगितलंय. आई, थेंबांच्या वेळा तू कॅलेंडरवर लिही, बाबांच्या भरवशावर राहू नकोस. चुलीवर पाणी तापवायचं नाही, धूर नको, गीझर त्यासाठीच बसवलाय. बाबा, डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोक्यावरून आंघोळ नाही, वाकून नारळ उचलणं नाही. मोती कुत्र्याशी मस्तीही नाही, तो तोंडावर उडी मारतो.

आम्ही गारठलोय असं मात्र समजू नका. घरात वीस अंश असतं, मी आत्ता आईच्या मेतकुटाचा भात खाऊन, पाय पोटाशी घेऊन लिहितेय. खोली रंगवून घेईन. तुम्हाला आवडला होता तोच पिवळा.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, आता रागवा. या मेपासून कौलं तुम्ही चाळायची नाहीत. वाडीतल्या त्या मुलाला, ज्याने तात्यांचं छप्पर केलं, मी पैसे पाठवलेत. शिडी काल त्याच्याकडे गेली, आई त्यात सामील आहे. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून त्याच्या चुका काढा, त्याला मी तशी कल्पना दिलीय.