राजांच्या ममी फुस्तातमध्ये आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील इजिप्त सहलीवरचा लेख वाचला. पिरॅमिड आणि नाईलमधील प्रवास यांचे वर्णन सुरेख उतरले आहे. परंतु ‘गिझा येथील नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये राजांच्या ममी पाहता येतात’ असे जे त्यात म्हटले आहे ते बरोबर नाही आणि तशाच एका वाक्याची किंमत आम्ही स्वतः मोजली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ते संग्रहालय भव्य आहे, यात शंकाच नाही. प्रवेशदालनात दुसऱ्या रामसेसचा अकरा मीटरहून उंच पुतळा उभा आहे, तुतनखामुनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे प्रथमच एकत्र मांडलेल्या आहेत. बहुधा यामुळेच गोंधळ होत असावा, कारण रामसेसचा पुतळा पाहिला की रामसेसही येथेच कोठेतरी असणार असे वाटते. प्रत्यक्षात तुतनखामुनची ममी लक्झरजवळच्या राजांच्या खोऱ्यात, त्याच्या स्वतःच्या थडग्यातच आहे. आणि रामसेससह इतर राजाराण्यांच्या ममी कैरोच्या जुन्या भागात, फुस्तात येथील राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालयात आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी अठरा राजे आणि चार राण्या अशा बावीस ममी तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयातून मिरवणुकीने तेथे नेण्यात आल्या. प्रत्येकीसाठी प्राचीन नौकेसारखी सजवलेली स्वतंत्र गाडी होती, आत नायट्रोजन भरलेली पेटी होती, आणि फुस्तातला पोहोचल्यावर एकवीस तोफांची सलामी झाली. दूरचित्रवाणीवर ते पाहताना मला थोडे भपकेबाज वाटले होते. आता तसे वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

ज्या सहल कंपनीबरोबर आम्ही गेलो होतो, तिच्या छापील कार्यक्रमात ‘ग्रँड म्युझियम : ममी दर्शन’ असे स्पष्ट शब्द होते. दुपारभर ते संग्रहालय पाहून झाल्यावर आमच्यातील एका काकूंनी स्थानिक वाटाड्याला ‘ममी कुठे आहेत?’ असे विचारले, तेव्हा त्या दुसरीकडे आहेत आणि ती जागा आपल्या कार्यक्रमात नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी पपायरसचे एक दुकान आणि अत्तराचे एक दुकान ठेवलेले होते. ती दोन्ही सोडून मी, पत्नी आणि त्या काकू असे तिघे टॅक्सीने फुस्तातला गेलो. चाळीस जणांच्या गटातून तिघेच. बाकीच्यांना दोष देत नाही. परक्या शहरात गट सोडायची भीती वाटतेच.

ममींचे दालन तळघरात आहे. उतरत्या, अंधाऱ्या वाटेने खाली जावे लागते, भिंती काळ्या आहेत, आणि थडग्यात उतरल्याचा भास व्हावा अशीच सारी रचना आहे. खाली छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. आवाज चढला की रक्षक ओठांवर बोट ठेवतो. काळाच्या क्रमाने एकेक राजा भेटत जातो.

आपल्या लेखात ‘थरार’ हा शब्द तीनदा आला आहे आणि ‘फॅरोंचा शाप’ एकदा. मला तेथे थरार कोठेच जाणवला नाही. मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीच्या सुरुवातीला, १९७० नंतरची ती दोन-तीन वर्षे, देवीच्या रोगाच्या निर्मूलनाच्या मोहिमेत वाड्यावस्त्यांवर दोन टोकांच्या सुईने लस टोचत फिरलो. गावकरी आम्हाला ‘देवी डॉक्टर’ म्हणत, डॉक्टर आम्ही नव्हतो. पाचव्या रामसेससमोर उभा राहिलो तेव्हा त्याच्या गालांवरचे आणि मानेवरचे उंचवटे पाहून पाय जागीच थांबले. हा राजा इसवी सनापूर्वी ११४५ च्या सुमारास ऐन उमेदीत वारला, आणि ते फोड देवीचे असावेत असे अभ्यासकांचे फार दिवसांपासूनचे मत आहे. शेवटचा शब्द तज्ज्ञांनी द्यावा. परंतु तसले चेहरे मी पाहिलेले आहेत. एका मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्या पाच-सहा दिवसांत फोड कसे दाटत गेले, हे मी रोज सकाळी जाऊन वहीत टिपत होतो. काचेपलीकडे निजलेला तो माणूस मला राजा वाटला नाही, रुग्ण वाटला. पत्नीने दंडाला धरून पुढे नेले. तो दंडही लशीच्या वणाचाच निघाला, हे नंतर चहा पिताना तिने दाखवून दिले.

त्याच दालनात सिप्ताह नावाचा तरुण राजा आहे; त्याचा डावा पाय वाकडा आहे. सेकेनेनरे ताओच्या कपाळावर आणि गालावर शस्त्रांचे घाव उघडे दिसतात. उत्तर इजिप्त व्यापून बसलेल्या हिक्सोस या परक्या लोकांशी झालेल्या संघर्षात तो मारला गेला असे मानले जाते, आणि सीटी स्कॅनच्या आधारे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मरताना त्याचे हात बांधलेले असावेत असा निष्कर्ष काढला आहे. तिसऱ्या रामसेसचा गळा चिरलेला होता, हेही स्कॅनमुळेच २०१२ मध्ये उघड झाले. त्याआधी शतकभर गळ्याभोवतीच्या पट्ट्यांनी ते झाकून ठेवले होते. आणि दुसरा रामसेस, सहासष्ट वर्षे राज्य करून नव्वदीच्या आसपास वारलेला, बाकदार नाकाचा म्हातारा. त्या नाकाचा आकार टिकला, याचे एक कारण आपल्या ओळखीचे आहे. नाकपुड्यांत काळी मिरी भरलेली होती. मिरीची वेल तेव्हा आपल्याकडच्या मलबारातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ते दाणे समुद्रापार नेले. प्रेत वाळवण्यासाठी लागणारा नेट्रॉन नावाचा क्षार मात्र त्यांच्याच वाळवंटातला. सोडा आणि मीठ यांचे ते नैसर्गिक मिश्रण, आपल्या पापडखाराच्या जातीचे. त्यात शरीर चाळीस दिवस पुरून ठेवत आणि सगळा विधी सत्तर दिवसांत आटपत. पत्नीने पापडखाराचे नाव काढले तेव्हा काकूंना हसू आले, आणि रक्षकाचे बोट पुन्हा ओठांवर गेले.

या मृतांचे मरणोत्तर हाल कमी झालेले नाहीत. थडगी लुटली जाऊ लागली तेव्हा पुरोहितांनी राजांना पुन्हा गुंडाळले, आवरणांवर आणि शवपेट्यांवर शाईने नावे लिहिली आणि लक्झरजवळच्या दैर अल बहरीच्या कड्यातील एका गुप्त विवरात त्यांतील अनेकांना एकत्र ठेवले. ते विवर १८७१ च्या सुमारास कुर्ना गावच्या अब्द अल रसूल कुटुंबाला सापडले, आणि दहा वर्षे तेथील वस्तू चोरून विकल्या गेल्या. १८८१ मध्ये एमिल ब्रुग्श या अधिकाऱ्याने दोन दिवसांत विवर रिकामे केले. ममी बोटीवर चढवून कैरोला निघाल्या तेव्हा नाईलच्या काठाने बायका घरचे कोणी गेल्यासारख्या आक्रोश करत धावल्या, असे नोंदलेले आहे. कैरोच्या नाक्यावर ममींसाठी दराच्या यादीत कलम सापडेना, म्हणून जकात अधिकाऱ्याने सुकट मासळीचा दर लावला असेही सांगतात. १८८६ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक खेदिव तौफिक आणि पाहुण्यांसमोर दुसऱ्या रामसेसची आवरणे पाव तासाच्या आत उलगडण्यात आली. १९७६ मध्ये बुरशीवर उपचारासाठी त्याला विमानाने पॅरिसला नेले, तेव्हा फ्रान्सने विमानतळावर लष्करी मानवंदना दिली; आणि त्याच उपचारांच्या वेळी कोणीतरी काढून घेतलेले त्याचे केस तीस वर्षांनी फ्रान्समध्ये इंटरनेटवर विकायला आले. ते पुढे इजिप्तला परत मिळाले. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी जुन्या संग्रहालयातील ममींची खोली बंद करवली होती, कारण मृतांचे असे प्रदर्शन त्यांना मान्य नव्हते. ती अनेक वर्षांनी उघडली. हे सारे वाचल्यावर एकवीस तोफांबद्दलचे माझे मत बदलले.

पहिल्या अमेनहोतेपची ममी तर आधुनिक काळात कोणी उलगडलीच नाही. रंगवलेला मुखवटा आणि फुलांच्या माळा यांनी ती सबंध झाकलेली आहे, आणि त्या मोडायचे धाडस कोणाला झाले नाही. तिची पेटी प्रथम उघडली तेव्हा फुलांच्या वासाने आत शिरून अडकलेली एक गांधीलमाशीही वाळून जशीच्या तशी सापडली होती. २०२१ च्या अखेरीस इजिप्शियन शास्त्रज्ञांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने, एकही माळ न हलवता, आतील राजा पाहिला : वय सुमारे पस्तीस, अंगावर तीस ताईत, कमरेला सोन्याच्या मण्यांची साखळी. १८८६ चा पाव तास आणि ही माळांची राखलेली आब यांत किती अंतर आहे, हे त्या पेटीसमोर उभे राहिल्यावरच कळते.

ज्यांना कैरो शक्य नाही, त्यांच्यासाठी बडोद्याला सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या संग्रहालयात एक ममी आहे. मी शाळेत असताना पहिली ममी तेथेच, देवमाशाच्या सांगाड्याइतक्याच कुतूहलाने पाहिली होती, आणि आमचे मास्तरही ‘भूत बघा’ असेच म्हणाले होते. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्येही एक आहे. ऑगस्ट २०२० च्या पावसात तळघरात पाणी शिरले तेव्हा तिला काच फोडून बाहेर काढून वाचवावे लागले.

आपल्या पुरवणीवर विसंबून सहल ठरवणारे वाचक पुष्कळ आहेत, म्हणून दुरुस्ती त्याच पानावर, लेख होता तेवढ्याच ठळकपणे यावी अशी विनंती आहे. त्यात फुस्तातसाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा, एवढे अवश्य छापावे. आमच्या शेजारचे कुटुंब पुढच्या महिन्यात निघत आहे. काल त्यांचा कार्यक्रम पाहिला. त्यातही ग्रँड म्युझियमच्या पुढे ‘ममी दर्शन’ असेच लिहिले आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळी अत्तराचे दुकान आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी, सातारा