सत्कारात फक्त संपच का आठवायचे?

मा. संपादक,

शिक्षक संघटनेत आयुष्य घालवलेल्या आमच्या एक बाई नुकत्याच रिटायर झाल्या, त्यांच्या सत्काराची भाषणं ऐकली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. जो तो उठला तो मोर्चे नि संपच सांगत होता. ते खरंच आहे, पण बाईंचा जास्त वेळ गेला तो फायलींमधे. कुणाची वेतननिश्चिती चुकलेली, कुणाचं नाव सेवाज्येष्ठतेच्या यादीत खाली ढकललेलं, कुणाला नोटीस आलेली आणि चौकशीत शेजारी बसायला कुणी नाही, अशांसोबत त्या शाळा सुटल्यावर जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात हजर. त्यातले कितीतरी जण संघटनेचे मेंबरसुद्धा नव्हते, बाईंनी कधी वर्गणीची पावती विचारली नाही.

शिकागोच्या कॅरेन लुईस यांचंही असंच. वीसेक वर्षं हायस्कूलला केमिस्ट्री शिकवून त्या २०१० ला तिथल्या शिक्षक युनियनच्या अध्यक्ष झाल्या. लोकांना २०१२ चा संप आठवतो, तो चालला शाळेचे सात दिवस. पण त्याआधी कायद्याची अट होती की ७५ टक्के मेंबरांचा होकार असेल तरच संप, आणि होकार आला जवळपास ९० टक्क्यांचा! हे एखाद्या जोरदार भाषणाने होत नाही, त्यासाठी शाळाशाळांत कमिट्या करून एकेकाशी बोलावं लागतं, घाबरलेल्याचं आधी ऐकून घ्यावं लागतं.

आणि युनियनवाल्यांना शिकवण्याशी काय देणंघेणं असं जे सर्रास बोललं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी १९६६ मधेच शिक्षकांच्या दर्जाबद्दल शिफारस केली, त्यात शिक्षक संघटना शिक्षणाच्या प्रगतीला मोठा हातभार लावू शकतात असं स्पष्ट म्हटलंय, आणि वर्गात मुलं इतकीच असावीत की प्रत्येकाकडे लक्ष देता येईल हेही त्यातच आहे. बाई पगाराइतक्याच याच मुद्द्यावर भांडल्या.

आता जुने करार, कुठल्या अर्जाला काय उत्तर आलं, कुठला निकाल कुणाच्या कामी येतो हे सगळं बाईंच्या डोक्यात आहे. संघटनेने दोन तरुण शिक्षकांना त्यांच्याकडे बसवून ते लिहून घ्यावं, पुढच्या वर्षी बघू असं नको. आणि तुमच्या पेपरनेही संप असेल तेव्हाच नाही, तर एरवीसुद्धा अशा माणसांच्या सविस्तर मुलाखती छापाव्यात ही कळकळीची विनंती.

— एक शिक्षिका