माशांची ‘उमेदवारी’

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ हॉवर्ड बर्न यांच्यावर लेख छापल्याबद्दल आपले आभार मानायला हवेत. तुलनात्मक अंतःस्रावशास्त्राला, म्हणजे निरनिराळ्या प्राण्यांतील संप्रेरकांच्या तौलनिक अभ्यासाला, मराठी वृत्तपत्रात जागा मिळण्याचा योग दुर्मीळच. मात्र बर्न यांनी तरुणपणी माशांवर ‘उमेदवारी’ केली आणि मग ते कर्करोगासारख्या ‘गंभीर’ विषयाकडे वळले, हा क्रम लेखकांनी कोठून शोधून काढला हे कळायला मार्ग नाही. १९४८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला रुजू झालेल्या या प्राध्यापकांनी मासे कधीच सोडले नाहीत.

उंदराच्या स्तनग्रंथीतील बारीक गाठी दुसऱ्या मादीच्या स्तनातील मेदात रोपून, कर्करोगाची सुरुवात अशा गाठींतून होते हे दाखवणारा प्रयोग त्यांनी केनेथ डीओम आणि इतर सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ग्रेस पिकफर्ड आणि जे. जी. फिलिप्स यांनी दाखवून दिले की, मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी काढलेला किलिफिश हा छोटा मासा गोड्या पाण्यात तग धरत नाही, पण त्या ग्रंथीतले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टोचल्यास जगतो. मातेच्या दुधाशी आणि उंदराच्या स्तनातील गाठींशी ज्याचा संबंध, तेच संप्रेरक माशाच्या अंगातले मीठ राखते म्हटल्यावर बर्न यांनी यातले एक का सोडावे? पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत तिलापियाच्या (आपल्या बाजारातल्या चिलापीच्या) पियुषिकेवर वर्षानुवर्षे काम झाले.

मला हे इतके झोंबण्याचे कारण जुने आहे. ऐंशीच्या दशकात, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असताना, खाजणातल्या चिखलात राहणाऱ्या निवटी माशातील प्रोलॅक्टिन आणि उंदरातील त्याचे कार्य यांचा तुलनात्मक अभ्यास करण्याचा प्रस्ताव घेऊन मी मुंबईतल्याच एका संस्थेच्या निवड समितीपुढे गेले होते. गॉर्बमन आणि बर्न यांचे १९६२ चे पाठ्यपुस्तक खुणा घालून सोबत नेले होते. समितीतील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी पहिल्या पानावरचे ‘निवटी’ वाचले आणि हसून म्हणाले, “बाई, हे कालवणात चांगले लागते. माणसाच्या आजाराचे काही आणले आहे का?” बाकीचेही हसले. पुस्तक उघडण्याची वेळ आली नाही आणि प्रस्ताव शेरा न मारता परत आला. त्याच गृहस्थांना पुढे एका समारंभात ‘मूलभूत संशोधनाची उपेक्षा’ या विषयावर अत्यंत कळवळ्याने बोलताना मी ऐकले आहे. टाळ्याही भरपूर मिळाल्या.

आपल्या लेखकांचा आणि त्या गृहस्थांचा परिचय असण्याची शक्यता नाही, परंतु दृष्टी तीच आहे. नाहीतर त्यांनी १९६४ मधील टाकासुगी आणि बर्न यांचे काम वगळले नसते. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिलेल्या उंदरीच्या योनिमार्गाच्या ऊतींत कायमचे बदल होतात, हे त्यात नोंदवलेले आहे. आणि गरोदरपणी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलेल्या मातांच्या मुलींना तरुण वयात योनीचा कर्करोग झाल्याचे बॉस्टनच्या डॉक्टरांनी जाहीर केले ते त्यानंतर सात वर्षांनी, १९७१ मध्ये. संप्रेरकांकडे प्राण्याप्राण्यांतून पाहण्याची सवय असलेल्या माणसाचे हे काम आहे. कर्करोगाला ‘गंभीर’ म्हणणाऱ्या लेखात याला एक ओळ मिळू नये आणि काचेच्या भांड्यातील गोल्डफिशच्या छायाचित्राला तीन स्तंभ मिळावेत, ही मांडणी कोणाची, तेही कळावे. बर्न यांनी अभ्यासलेल्या तिलापियाचे छायाचित्र सिटीलाइटच्या बाजारात सकाळी फुकट काढता आले असते.

जागा नव्हती, असे उत्तर मिळेल याची कल्पना आहे. पूर्वी पूर्ण असलेले विज्ञानाचे पान आता अर्धेच उरले आहे आणि खालच्या अर्ध्यावर गृहसंकुलांच्या जाहिराती असतात, त्यातही परवा ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून जे दाखवले होते ते खाजणच होते. निदान बर्न यांच्याविषयीची दुरुस्ती तरी येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल अशा टंकात छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
माहीम, मुंबई