मूल लहान असताना घरी कोण थांबणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत समोरासमोरच्या दोन पानांवर दोन मजकूर होते. डावीकडे समुपदेशनाच्या सदरात एका भगिनीचं पत्र. सासूबाईंना अर्धांगवायू, पदरात चार वर्षांचं मूल, नोकरी सोडलेली. नवरा रात्री नऊला येतो आणि ‘तू आहेस म्हणून घर चाललंय’ एवढं म्हणून जेवायला बसतो. तज्ज्ञांनी तिला सांगितलं, आधी स्वतःकडे बघा, नाही म्हणायला शिका. उजवीकडे अध्यात्माच्या सदरात लिहिलं होतं की गृहिणीचा त्याग हाच संसाराचा पाया. त्या बाईने दोन्ही पानं वाचली असतील तर तिने नेमकं काय करायचं? हा प्रश्न आठवडाभर मनातून जाईना, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कापायचंच झालं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापावा.

मी वडोदऱ्याची. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या होम सायन्समध्ये बालविकास शिकले, पुढे शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर दांडिया बाजारात मराठी कुटुंबांच्या वधू-वर नोंदणीचं काम बघते. फॉर्म भरून घेणं, पत्रिका लावून ठेवणं, दोन घरांची गाठ घालून देणं. या कामात माणसं लग्नाकडून काय मागतात ते रोज वाचायला मिळतं. ‘अपेक्षा’ या रकान्यात मुलांकडून ठरलेलं वाक्य येतं: नोकरी करणारी, पण घर सांभाळणारी. मुलाच्या आया तोंडी सांगतात, ‘अ‍ॅडजस्ट करणारी हवी हो.’ मुली अलीकडे लिहितात, माझ्या करिअरला पाठिंबा देणारा. ‘मी तिच्यासाठी काय करीन’ किंवा ‘मी त्याच्यासाठी काय करीन’ असं लिहिलेला फॉर्म मला अजून बघायचा आहे. अर्थात तसा रकानाच आपण ठेवलेला नाही.

फत्तेगंजला राहणारी माझी एक वर्गमैत्रीण ख्रिस्ती आहे. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी मुलामुलीला तयारीचा वर्ग करावा लागतो. ती बरीच वर्षं अशा वर्गात शिकवायला जाते. आमच्याकडे लग्नाआधी हॉल ठरतो, केटरर ठरतो, आणि तयारी झाली असं आपण समजतो. त्या वर्गात काय बोलता, असं मी तिला विचारलं, तेव्हा तिने डॉन ब्राउनिंग यांची पुस्तकं माझ्या हातात दिली.

ब्राउनिंग (१९३४–२०१०) हे अमेरिकेतले धर्मशास्त्रज्ञ. शिकागो विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये त्यांनी दीर्घकाळ शिकवलं. स्वतः डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक. पण फ्रॉइड, स्किनर, रॉजर्स, मॅस्लो, एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांना त्यांनी धर्माच्या बाजूने झोडपलं नाही आणि डोळे मिटून स्वीकारलंही नाही. १९८७च्या एका ग्रंथात त्यांनी दाखवलं की हे मानसशास्त्र नुसतं मनाचं वर्णन करत नाही. चांगलं जगणं म्हणजे काय, माणसाने दुसऱ्यासाठी काय करावं, याची उत्तरंही ते हळूच देऊन जातं. रॉजर्स आणि मॅस्लो यांच्या विचारात गृहीत असतं की प्रत्येकाने आपापलं फुलावं, बाग आपोआप लागेल. ब्राउनिंग विचारतात, दोघांच्या फुलण्याची जागा एकच असेल तेव्हा काय? आजारी सासू एक, लहान मूल एक, आणि दिवसाचे तास दोघांनाही चोवीसच. तुमच्या सदरातलं उत्तर नेमकं इथे थांबतं. बाईने स्वतःकडे बघायचं ठरवलं, तर सासूबाईंचं अंग कोणी पुसायचं, हे त्यात नाही.

पण म्हणून उजवीकडचं पान बरोबर ठरत नाही. ख्रिस्ती परंपरेतही शुद्ध त्यागाचा पक्ष मोठा आहे. स्वीडनचे लूथरन धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नायग्रेन यांनी खरं ख्रिस्ती प्रेम म्हणजे स्वतःचा विचारच नसलेलं प्रेम अशी मांडणी केली होती. ब्राउनिंग त्यांच्या बाजूला गेले नाहीत. बेल्जियमचे कॅथलिक नीतिशास्त्रज्ञ लुई यान्सेन्स यांचा आधार घेऊन ते म्हणतात, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर या आज्ञेत ‘स्वतःसारखं’ हेही आहे. म्हणजे मी तुझ्या भल्यासाठी माझ्या भल्याइतकीच झटेन, आणि तूही माझ्यासाठी तसंच झटावंस अशी अपेक्षा धरण्याचा हक्क मला राहील. याला ते समान आदर म्हणतात. घरातलं काम आणि घराबाहेरचं काम, मान आणि जबाबदारी, दोन्हीकडे दोघांनाही वाट हवी.

मग त्यागाचं काय? त्याग लागतोच, असं ब्राउनिंग मानतात. क्रुसाला मानणारा माणूस दुसरं काय म्हणेल? पण त्यांच्या लेखी त्यागाचं काम तुटलेली परस्परता पुन्हा जोडण्याचं आहे. एकाने काही काळ जास्त ओझं उचलायचं ते दोघांनी पुन्हा बरोबरीने चालता यावं म्हणून. त्याग हाच मुक्काम झाला, दुसऱ्याने कधी हात लावायचाच नाही असं ठरून गेलं, तर त्याला ते प्रेमाचं पूर्ण रूप मानत नाहीत. हे वाचलं तेव्हा आमच्या वाड्यातल्या किती तरी बायका डोळ्यांसमोर आल्या. ‘बाईच्या जातीने सोसावं’ हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं. कशासाठी आणि कधीपर्यंत, हे कोणीच सांगितलं नाही.

ब्राउनिंग यांच्यावर एरिक्सनचा मोठा प्रभाव होता; १९७३च्या ‘जनरेटिव्ह मॅन’ या पुस्तकात त्यांनी एरिक्सनची पुढच्या पिढीला जपण्याची कल्पना मध्यभागी ठेवली. एरिक्सन तर आपल्या गुजरातशीच जोडलेले. ते १९६२ला अहमदाबादला आले, आणि १९१८च्या गिरणी संपावरून त्यांनी गांधीजींवर ग्रंथ लिहिला, तो १९६९ला आला. त्यात मध्येच थांबून ते थेट गांधीजींनाच पत्र लिहितात आणि कस्तुरबांशी, घरच्यांशी ते ज्या कठोरपणे वागले त्याचा जाब विचारतात. आपल्याकडे कीर्तनात तुकोबांच्या बायकोला, जिजाईला, कजाग ठरवून पुढे जायची सवय आहे. मोठ्या माणसाच्या घरातल्या बाईच्या बाजूने थांबून विचारणं मला फार मोलाचं वाटलं.

माझ्या दृष्टीने ब्राउनिंग यांचं सर्वांत उपयोगी काम मात्र पुढचं आहे. १९९१च्या सुमारास त्यांनी शिकागोला धर्म, संस्कृती आणि कुटुंब यांवर एक मोठा अभ्यासप्रकल्प उभा केला. धर्मशास्त्र, कायदा, इतिहास, अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या शाखांची माणसं त्यात होती. १९९७ला त्यातून सहलेखकांसह ‘फ्रॉम कल्चर वॉर्स टू कॉमन ग्राउंड’ हे पुस्तक आलं. कुटुंबं मोडतात त्याला एकटा व्यक्तिवाद कारणीभूत नाही, बाजाराची आणि नोकरीची ओढ आहे आणि पुरुषी सत्ताही आहे, असं त्यांनी एकाच दमात सांगितलं. त्यामुळे तिथल्या परंपरावाद्यांनाही ते पुरते आपले वाटले नाहीत आणि सुधारकांनाही. बाप घरापासून सुटत जातो या प्रश्नावर त्यांनी तेराव्या शतकातल्या थॉमस अ‍ॅक्विनसला आजच्या उत्क्रांतीच्या अभ्यासकांशेजारी बसवलं. माणसाचं पिल्लू फार काळ परावलंबी असतं, एकट्या आईच्याने ते निभत नाही, म्हणून बापाला घराशी बांधून ठेवणारी व्यवस्था लागते, हे दोघांनाही दिसलं होतं. ब्राउनिंग पुढे जोडतात की बापाने थांबायचं ते मालक म्हणून नव्हे, बरोबरीचा जोडीदार म्हणून.

आणि मग ते एकदम हिशेबावर येतात. मुलं लहान आहेत तोवर आई आणि बाप दोघांचं मिळून पगारी काम आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त नसावं. तीस-तीस करा, चाळीस-वीस करा, ते दोघांनी बसून ठरवावं. धर्मशास्त्राच्या माणसाकडून मला हे अपेक्षित नव्हतं. आपल्याकडे कायद्याने कारखान्यात एका माणसाची मर्यादा आठवड्याला ४८ तास. दोघं पूर्ण वेळ गेले तर ९६. वर मकरपुरा नाही तर हालोलपर्यंतचं जाणं-येणं. हे गणित कुठलंही जोडपं एकट्याने सोडवू शकत नाही. अर्ध्या वेळेची, पण हक्क आणि बढती शाबूत असलेली नोकरी मालकांनी द्यायला हवी, सरकारने त्याला आधार द्यायला हवा, आणि ब्राउनिंग यांनीही ते घरावर सोडून दिलेलं नाही.

त्यांचा मुख्य भर जोडपं आणि मुलं यांवर आहे. आपल्या घरात तिसरा आवाज असतो, सासूचा, आणि बऱ्याचदा तो पूर्वी स्वतः सोसलेल्या बाईचा असतो. समान आदर तिलाही लागू व्हायला हवा. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सुनेचं ओझं मानणारं मानसशास्त्र मला नको. पण ती नवऱ्याची आई आहे. तिची सेवा करायला त्यालाही हात आहेत. त्या भगिनीला माझं सांगणं असं: ताई, आज तुम्ही जे करता आहात ते थोर आहे, पण ते कायमचं तुमच्याच नावावर लिहिलेलं नाही. नवऱ्यासमोर बसा. रात्री नऊ नाही, आठवड्यातून इतके दिवस सहा. आईची आंघोळ रविवारी त्याची. मी पुन्हा नोकरीवर अमुक महिन्यापासून. असं ठरवून घ्या. ही मागणी तुमच्या प्रेमातूनच येते. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे मात्र यातलं काही लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता. गुजरातमध्ये त्यासाठी १८१ अभयम् ही हेल्पलाइन आहे, आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा देशभर आहे.

कोणी विचारेल, यासाठी ख्रिस्ती धर्मशास्त्र कशाला? वडोदऱ्याच्या माणसाला हा प्रश्न शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी इथल्या कॉलेजात धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ला ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला गेले, त्यांनाही महाराजांची मदत होती. त्याच महाराजांनी १९०४ला बालविवाहाला आळा घालणारा आणि १९३१ला हिंदूंना घटस्फोटाची वाट देणारा कायदा या संस्थानात केला. धर्म नीट समजून घेणं आणि घरातल्या बाईचं दुःख कमी करणं ही दोन्ही कामं इथे एकाच हाताने झाली. ब्राउनिंग स्वतःही आपल्याच धर्मापाशी थांबले नाहीत. विवाह आणि कुटुंब याबद्दल हिंदू, बौद्ध, ज्यू, इस्लाम, कन्फ्यूशियन परंपरा काय म्हणतात त्या मूळ उताऱ्यांचा एक मोठा संग्रह त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००६ला संपादित केला.

आमच्या नोंदणी फॉर्ममध्ये आम्ही आता एक प्रश्न मुलगा आणि मुलगी दोघांसाठी घातला आहे: मूल लहान असताना किंवा घरात आजारपण असताना तुम्ही स्वतः कामाचे तास किती कमी कराल? बरेच मुलगे तो रिकामा सोडतात. एकाने लिहिलं, ‘आई आहे ना.’ त्याच्या आईलाच मी ते दाखवलं. ती वाचून बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मला कोणी विचारलं?’ पण काही जण थांबून विचार करतात, घरी जाऊन बोलतो म्हणतात. एक जोडपं तर साखरपुड्याआधी दोघांनी मिळून तो कागद पुन्हा भरून घेऊन आलं.

आपल्या वृत्तपत्रात दर रविवारी वधू-वर पान असतं. त्या पानावर महिन्यातून एकदा थोडी जागा द्यावी, आणि तिथे मानसशास्त्राचा अभ्यासक आणि धर्माचा अभ्यासक, मग तो वारकरी असो, ख्रिस्ती असो की मुसलमान, या दोघांनी एकाच पत्राला मिळून उत्तर द्यावं, अशी माझी विनंती आहे. इतर मंडळांनीही हा प्रश्न आपापल्या फॉर्ममध्ये घालावा. आमच्या फॉर्मची प्रत हवी असल्यास कळवावं, मी पाठवीन.

आपली,
एक वाचक, वडोदरा