पत्रकारितेचे शिक्षण आणि कोकण

महोदय,

बारावीनंतर पत्रकारितेकडे वळू पाहणाऱ्या कोकणातील मुलांना घरातून पहिला प्रश्न विचारला जातो तो पगाराचा. प्रश्न रास्त आहे. तालुक्याच्या बातमीदाराला अनेकदा तुटपुंज्या मानधनावर, जाहिराती गोळा करत काम करावे लागते आणि हे प्रवेश देतानाच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. मात्र आकाशवाणी, जनसंपर्क, जाहिरात, माहितीपट, अनुवाद, तथ्यपडताळणी या क्षेत्रांतही नेमके मराठी लिहिणाऱ्यांची गरज असते, हे पालकांपर्यंत पोहोचत नाही.

माझा खरा आग्रह अभ्यासक्रमाविषयी आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. ते पत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. आजच्या विद्यार्थ्यालाही दोन्ही भाषा पक्क्या याव्यात आणि कॅमेरा हाताळण्याइतकेच सातबारा वाचणे, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प तपासणे, २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करणे व सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा समजून घेणे शिकवले जावे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या भागांतील वीज आणि दूरध्वनी सेवा कोलमडली, तेव्हा वाड्यावस्त्या ओळखणाऱ्या बातमीदाराचे मोल मला विशेष जाणवले.

कोकणातील महाविद्यालयांनी स्थानिक दैनिकांशी करार करून विद्यार्थ्यांना किमान एक सत्र विद्यावेतनासह प्रत्यक्ष वार्तांकनाची संधी द्यावी, ही विनंती.

– एक पालक, देवगड